रणजी करंडक कुठून कुठे गेला

रणजी करंडकाच्या विजेत्यांची यादी वरून खाली वाचायला घेतली, की पहिल्या वीस वर्षांतच अशी नावे लागतात जी आज कुठल्याही गुणफलकावर दिसत नाहीत. नवानगर, वेस्टर्न इंडिया, होळकर. मग मुंबई सुरू होते आणि सलग पंधरा ओळी मुंबईच मुंबई. पुढे कर्नाटक आणि दिल्ली मध्ये शिरतात, आणि अलीकडच्या काही वर्षांत गुजरात, विदर्भ, सौराष्ट्र, मध्य प्रदेश अशी नावे उगवतात. त्या त्या काळात क्रिकेटपटूच्या पोटापाण्याची सोय कोण करत होते, हा प्रश्न मनात ठेवून ही यादी वाचावी. करंडक कुठून कुठे गेला, आणि का, याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळते.

स्पर्धेचा जन्म १९३४ चा. सिमल्याच्या बैठकीत क्रिकेट मंडळाचे चिटणीस अँथनी डिमेलो यांनी राष्ट्रीय स्पर्धेचा आराखडा मांडला आणि पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांनी पाचशे पौंडांचा सोन्याचा चषक द्यायचे कबूल केले. नाव ठरले रणजितसिंहजींचे. ते आदल्याच वर्षी, एप्रिल १९३३ मध्ये, वारले होते. मध्यंतरी चषकाला व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांचे नाव द्यावे म्हणून विजयनगरमच्या महाराजकुमारांनी जोर लावला, संस्थानिकांची आपसातली चढाओढ त्यात उतरली, पण अखेर रणजींचे नाव टिकले. स्वतः रणजी कसोटी खेळले ते इंग्लंडकडून, पंधरा सामने. भारतातल्या क्रिकेटची उभारणी त्यांनी कधी मनावर घेतली नाही. तरीही क्रिकेटमध्ये भारतीय माणूस जगात कुणाहून कमी नाही, हे ज्या एका नावामुळे त्या पिढीला पटले होते, ते नाव त्यांचेच होते.

पहिला सामना ४ नोव्हेंबर १९३४ रोजी चेपॉकवर मद्रास आणि म्हैसूर यांच्यात झाला आणि त्याच दिवशी संपलाही. म्हैसूरचे दोन डाव ४८ आणि ५९ धावांत आटोपले. मद्रासच्या ए. जी. राम सिंग यांनी एकट्याने अकरा बळी घेतले. त्या पहिल्या हंगामात पंधरा संघ उतरले होते. अंतिम सामन्यात मुंबईने उत्तर भारताला २०८ धावांनी हरवले. विजय मर्चंट यांचे शतक त्यात होते आणि कर्णधार होते एल. पी. जय.

त्या काळी लोकांची खरी गर्दी मात्र रणजीला नव्हती. मुंबईत हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन असे धर्मावर बेतलेले संघ खेळत. १९३७ पासून त्यात ‘इतरांचा’ संघ मिळून स्पर्धा पंचरंगी झाली आणि तिच्यासाठी ब्रेबॉर्न ओसंडून वाहायचे. महात्मा गांधींनी १९४० मध्ये या पंचरंगीला विरोध केला. १९४६ मध्ये ती कायमची थांबली आणि मैदान रणजीला मोकळे झाले. रणजीत माणूस प्रांताकडून किंवा संस्थानाकडून खेळायचा. त्यामुळे सी. के. नायडूंच्या हाताखाली मुश्ताक अली खेळले, आणि सांगलीचे विजय हजारे व लाहोरचे गुल महंमद एकाच संघात आले. ही फार मोलाची गोष्ट होती, आणि त्या वर्षांत तिची किंमत सगळ्यांना कळली होती असे नाही.

पुण्याचा काळ याच सुमाराचा. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळवले. कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे. पहिल्या विजेतेपदाच्या हंगामात हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतले ते पहिले त्रिशतक. दुसऱ्या हंगामात मुंबईशी गाठ पडली. मुंबईने ६५० धावा केल्या. महाराष्ट्राने ६७५ करून पंचवीस धावांच्या आघाडीवर सामना घेतला. त्यात देवधरांच्या २४६ होत्या, आणि वय होते अठ्ठेचाळीस. पुढे पन्नाशी ओलांडल्यावरही एका रणजी सामन्याच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके ठोकली. शतायुषी झालेल्या या माणसाच्या नावाने मंडळाने देवधर करंडक सुरू केला, तो त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळाला.

पण प्राध्यापकी सांभाळून खेळणारे देवधर अपवादच. बाकीच्यांना पोटाची चिंता होती आणि ती मिटवायला त्या काळी संस्थाने होती. नवानगरने १९३६-३७ मध्ये करंडक नेला, तेव्हा त्यांच्याकडून अमर सिंग आणि तरुण विनू मंकड खेळत होते आणि कर्णधार होता ससेक्सचा इंग्रज व्यावसायिक बर्ट वेन्स्ली. हजारे यांना आधी देवासच्या महाराजांचा आश्रय मिळाला, मग बडोद्याच्या गायकवाडांचा. ज्या बडोद्याविरुद्ध त्रिशतक केले त्याच बडोद्याचे ते आधारस्तंभ झाले. इंदूरला यशवंतराव होळकरांनी नायडूंना आपल्या सैन्यात हुद्दा दिला, आणि त्यांच्याभोवती मुश्ताक अली, चंदू सरवटे, सी. एस. नायडू, हिरालाल गायकवाड, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर असा संघ उभा राहिला. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकरांनी दहा अंतिम सामने खेळले आणि चार जिंकले. म्हणजे एक काळ असा होता, की पुणे, बडोदे आणि इंदूर अशी मराठी वळणाची तीन गावे मुंबईशी रणजीसाठी झुंजत होती.

त्या झुंजींतली एक जवळून पाहण्यासारखी आहे. १९४४-४५ चा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध होळकर. मुंबईने पहिल्या डावात ४६२ आणि दुसऱ्यात ७६४ धावा केल्या. त्यात मर्चंट यांच्या एकट्याच्या २७८. होळकरांकडून खेळत होता युद्धकाळात लष्करी नोकरीवर भारतात आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन. त्याने चौथ्या डावात नाबाद २४९ केल्या, मुश्ताक अलींनी सामन्यात दोन शतके केली, आणि तरीही होळकर ३७४ धावांनी हरले. या सगळ्या धावांच्या राशीत लेगस्पिनर सी. एस. नायडूंचा आकडा बघावा. त्यांनी या सामन्यात ९१७ चेंडू टाकले, म्हणजे दीडशेहून जास्त षटके, आणि ४२८ धावा देऊन ११ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतके चेंडू आजवर दुसऱ्या कुणी टाकलेले नाहीत. पुढच्याच हंगामात होळकरांनी म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ वर डाव सोडला. एका डावात सहा शतके! त्या वर्षी करंडकही त्यांचाच.

मार्च १९४७ मध्ये बडोद्यात होळकरांचा डाव २०२ वर संपला आणि बडोद्याचे तीन गडी ९१ वर गेले होते. तिथून हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. काही महिन्यांत फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले. ही भागीदारी २००६ पर्यंत, संगकारा आणि जयवर्धने यांच्या ६२४ धावांपर्यंत, जगात सर्वात मोठी होती.

डिसेंबर १९४८ मधली पुणे क्लबच्या मैदानावरची गोष्ट महाराष्ट्रात अजून सांगितली जाते. काठियावाडचा डाव २३८ वर संपला होता आणि महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ पासून फक्त नऊ धावा दूर. तेवढ्यात खेळ थांबला आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, पुढे खेळायलाच तयार होईनात. मनधरणी झाली, काही उपयोग झाला नाही. त्यांनी सामना सोडून दिला आणि संघासह निघून गेले. निंबाळकरांना पुढे कसोटी एकदाही मिळाली नाही. रणजीतली सर्वोच्च धावसंख्या मात्र त्यांच्याच नावावर राहिली, आणि २०१२ मध्ये ते वारले तेव्हाही ती कुणी ओलांडलेली नव्हती. त्याच मोसमात पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या उपांत्य सामन्यात मिळून २,३७६ धावा झाल्या. नऊ शतके, त्यात माधव मंत्री यांच्या २००. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून जास्त धावा कधीच झालेल्या नाहीत.

संस्थाने विलीन झाली, तनखे आले, आणि संघ पोसणे राजेरजवाड्यांच्या आवाक्यातून हळूहळू गेले. १९५४-५५ मध्ये इंदूरलाच मद्रासने होळकरांना ४६ धावांनी हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले. त्यानंतर होळकर हा संघच उरला नाही. त्याची जागा मध्य भारताने आणि मग मध्य प्रदेशाने घेतली.

आता पाळी मुंबईची होती. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे करंडक मुंबईच्या बाहेर गेला नाही. याचे श्रेय नुसत्या गुणी खेळाडूंना देऊन भागत नाही, कारण गुणी खेळाडू इतरत्रही होते. मुंबईकडे एक अख्खी साखळी होती. शाळेत हॅरिस आणि गाइल्स शील्ड, पावसाळ्यात ओल्या, लहरी खेळपट्ट्यांवर कांगा लीग, हिवाळ्यात कचेऱ्यांची टाइम्स शील्ड. चांगला खेळणाऱ्या मुलाला बँका आणि कंपन्या नोकरी देत आणि सरावाला सुट्टीही देत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. एकनाथ सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, मैदानाच्या कडेच्या झोपडीत वाढलेला, तोही याच वाटेने भारतीय संघात पोहोचला. जे काम पूर्वी दरबार करत होते ते मुंबईत कचेऱ्यांनी केले, आणि एका राजाच्या मर्जीवर अवलंबून नसल्यामुळे ते जास्त टिकले.

मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई मुंबईकडून तेरा हंगाम रणजी खेळले, त्यात दहा अंतिम सामने, आणि एकदाही पराभूत संघात नव्हते. मुंबईची दुसरी फळी किती भक्कम होती ते १९७०-७१ मध्ये दिसले. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजमध्ये होते. उरलेल्यांना घेऊन सुधीर नाईक उतरले आणि अंतिम सामन्यात महाराष्ट्राला हरवून करंडक मुंबईतच ठेवला.

या पंधरा वर्षांत सर्वात जास्त सोसले ते राजस्थानने. मेवाडचे महाराणा भगवतसिंह यांच्या पाठबळावर त्यांनी विनू मंकड, विजय मांजरेकर, सलीम दुराणी, हनुमंत सिंग अशी माणसे जमवली आणि १९६०-६१ ते १९६९-७० या दहा हंगामांत सात वेळा अंतिम फेरी गाठली. सातही वेळा समोर मुंबई, सातही वेळा पराभव.

सलग पंधरावे विजेतेपद आले चेपॉकवर, पहिल्या दिवसापासून चेंडू हातभर वळणाऱ्या खेळपट्टीवर. मुंबई १५१ आणि ११३, तमिळनाडू ८० आणि ६१. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. पद्माकर शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. ३४ धावांत तेरा बळी! या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला कसोटी मिळाली नाही, कारण त्याच्या काळात भारताकडे बिशनसिंग बेदी होते. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचेही तेच झाले, आणि रणजीत सर्वाधिक, ६३७, बळींचा विक्रम त्यांचा आहे. रणजी करंडकाची थोरवी मोजायची तर अशा माणसांपासून सुरुवात करायला हवी. त्यांच्यासाठी रणजी ही पुढची पायरी चढण्याची सोय नव्हती, त्यांचे सगळे क्रिकेट तिथेच होते.

मुंबईची मालिका १९७३-७४ मध्ये बंगळुरूच्या उपांत्य सामन्यात तुटली. कर्नाटकच्या ३८५ मध्ये गुंडप्पा विश्वनाथ यांच्या १६२ आणि ब्रिजेश पटेल यांचे शतक. उत्तरादाखल एरापल्ली प्रसन्ना यांनी गावसकरांचा त्रिफळा उडवला, वाडेकर पाय घसरून धावचीत झाले आणि मुंबई ३०७ वर संपली. पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटक पुढे गेले आणि अंतिम सामन्यात राजस्थानला हरवून प्रथमच विजेते झाले. पहिल्या डावाच्या आघाडीचा हा नियम रणजीचा स्वभाव घडवणारा आहे. बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर आघाडी घेणारा जिंकतो, म्हणून इथे धावांचा डोंगर रचण्याला आणि तासन्तास खेळपट्टीवर टिकण्याला मोल आले. १९८१-८२ च्या अंतिम सामन्यात कर्नाटकने ७०५ केल्या आणि दिल्लीने ८ बाद ७०७ करून करंडक उचलला.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत कर्नाटक, दिल्ली आणि मुंबई यांनी करंडक बराचसा आपसात फिरवला. मुंबईला सर्वात लागलेला पराभव मात्र १९९०-९१ चा. वानखेडेवर हरियाणाने ३५५ धावांचे लक्ष्य दिले होते. तीन गडी ३४ वर गेले. सचिन तेंडुलकरने ७५ चेंडूंत ९६ धावा झोडल्या, तो बाद झाल्यावर दिलीप वेंगसरकरांनी एक बाजू लावून धरली आणि दहाव्या जोडीला घेऊन लक्ष्य तीन धावांच्या अंतरावर आणले. मग अॅबी कुरुविला धावचीत झाला. वेंगसरकर १३९ वर नाबाद होते, आणि त्यांना तिथेच रडू कोसळले. कपिल देवच्या संघाने जिंकलेला तो करंडक हरियाणाचा आजवरचा एकमेव आहे.

नव्वदच्या दशकात नोकऱ्यांचा जुना आधार विरळ होऊ लागला. रेल्वेने २००१-०२ आणि २००४-०५ मध्ये करंडक जिंकला, पण नोकरी देऊन संघ उभारणाऱ्या परंपरेचे ते शेवटचे मोठे यश म्हणावे लागेल. बीडचा संजय बांगर त्याच रेल्वेकडून खेळून भारतीय संघात गेला. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मंडळाकडे पैसा आला होता, त्याचा वाटा राज्य संघटनांना मिळू लागला, आणि त्यातून स्टेडियमे, निवासी अकादम्या, पगारी प्रशिक्षक, ठरलेले मानधन अशी व्यवस्था उभी राहिली. २००२-०३ मध्ये विभागवार रचना मोडून एलिट आणि प्लेट असे गट आले. राजस्थान २०१०-११ मध्ये खालच्या, प्लेट गटातून वर येत विजेता झाला. पहिल्याच सामन्यात दीपक चाहरने दहा धावांत आठ बळी घेऊन हैदराबादला २१ वर गुंडाळले होते. त्या संघाचा कर्णधार होता पुण्याचा हृषिकेश कानिटकर. जी गोष्ट साठच्या दशकात महाराण्याच्या पाठबळाने साधली नव्हती, ती राजस्थानने कानिटकरच्या नेतृत्वाखाली लागोपाठ दोन वर्षे करून दाखवली.

या नव्या काळात एका माणसाचे नाव पुन्हा पुन्हा येते, चंद्रकांत पंडित. मुंबईचा हा यष्टिरक्षक १९९८-९९ मध्ये मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून बंगळुरूला कर्नाटककडून अंतिम सामना हरला. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला तीनदा विजेतेपद मिळवून दिले, मग ते नागपूरला गेले. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने तोवर अंतिम सामनाही पाहिला नव्हता. २०१७-१८ मध्ये उपांत्य सामन्यात विदर्भाने कर्नाटकला ईडन गार्डन्सवर पाच धावांनी हरवले. रजनीश गुरबानीने त्यात बारा बळी घेतले आणि इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅट्ट्रिकही केली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरी हॅट्ट्रिक. पहिली बी. कल्याणसुंदरम यांची, चेपॉकवरच्या त्याच १९७२-७३ च्या सामन्यातली. अक्षय वाडकरने आपले पहिले प्रथम श्रेणी शतक त्याच अंतिम सामन्यात ठोकले, आणि फैज फजलचा संघ नऊ गडी राखून जिंकला. पुढच्या वर्षी विदर्भाने नागपूरला सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. चाळिशीतल्या वसीम जाफरने त्या हंगामात हजाराहून जास्त धावा केल्या, आणि अंतिम सामन्यात आदित्य सरवटेने अकरा बळी घेतले.

पंडित मग मध्य प्रदेशला परतले. २०२२ मध्ये बंगळुरूच्या त्याच मैदानावर त्यांच्या संघाने मुंबईला सहा गडी राखून हरवले. तेवीस वर्षांपूर्वी तिथेच ते हरले होते.

मुंबई अजून मुंबईच आहे. २०२३-२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून तिने बेचाळिसावे विजेतेपद घेतले. दुसऱ्या क्रमांकावरच्या कर्नाटकची तोवर आठ होती. महाराष्ट्राची अवस्था मात्र जिवाला लागते. १९४०-४१ नंतर संघ तीन वेळा अंतिम फेरीत गेला, १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये, आणि तिन्ही वेळा रित्या हाताने परतला. केदार जाधवने शेवटच्या त्या हंगामात १,२२३ धावा केल्या तरीही. विक्रमांची मात्र पुण्याला कधी वाण पडली नाही. २०१६ मध्ये स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध ५९४ धावांची अभंग भागीदारी करून हजारे आणि गुल महंमद यांचा रणजीतला विक्रम मागे टाकला. २०२४ मध्ये पर्वरीला गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध ६०६ धावांची भागीदारी करून तोही मोडला. दोघांचीही त्रिशतके.

आणि नागपूर पुन्हा जिंकले. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात समोर केरळ होते, उपांत्य फेरीत गुजरातवर अवघ्या दोन धावांची आघाडी घेऊन प्रथमच इथवर आलेले. एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारने १५३ धावा केल्या. कर्नाटकातून आलेल्या करुण नायरने ८६ आणि १३५ केल्या. विदर्भाने पहिल्या डावात ३७९ करून केरळला ३४२ वर रोखले आणि आघाडीवर करंडक घेतला. डावखुरा फिरकी गोलंदाज हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले, एका रणजी हंगामातले तोवरचे सर्वाधिक. आठ वर्षांत विदर्भाचे हे तिसरे विजेतेपद होते. पहिल्या हंगामापासून खेळत आलेल्या महाराष्ट्राच्या नावावर दोन आहेत, आणि पहिला सामना जिंकणाऱ्या मद्रासच्या, म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या नावावरही दोनच.